सासूबाईंच्या पोटात सासऱ्यांचा भात

सासूबाईंच्या पोटात एकदा डोकावून बघायचं, एवढाच माझा बेत होता. त्यात कुणाला त्रास व्हायचं काही कारण नव्हतं. दुर्बीण इस्पितळाची, पोट सासूबाईंचं, गाडी चालवणार मी. उत्तर जपानात, आमच्या अकिताकडे माणसं दात आल्यापासून खारवलेले मुळे खातात आणि पुष्कळदा पोटाच्याच दुखण्याने जातात. तेव्हा पोटाची तपासणी ही केस कापून येण्याइतकी साधी गोष्ट असेल, असा माझा समज होता. माझे बरेचसे समज लग्नाआधीचे आहेत.

सुरुवात नगरपालिकेच्या बसने झाली. ही बस दर उन्हाळ्यात समाजमंदिरापुढे येऊन उभी राहते. आत एक फिरतं फळकूट असतं. खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजून माणसाला त्यावर आडवं करतात आणि वेगवेगळ्या बाजूंनी पोटाचे फोटो काढतात. सासूबाईंनी हा प्रसंग वर्षानुवर्षं चुकवला होता. कधी कमरेत उसण, कधी मुळ्यांची खारवण, एकदा तर "बस चुकली" असंही सांगून झालं होतं, आणि बस दिवसभर तिथेच उभी होती. यंदा मी माझ्या लेकीला, सानाला, पाठीशी बांधून त्यांच्या मागे रांगेतच उभी राहिले. दहा महिन्यांचं मूल पाठीवर असलेल्या बाईला ढकलून पळून जाणं आमच्याकडे चांगलं दिसत नाही.

बाहेर उभं राहून आतला कर्ण्यातला आवाज ऐकू येत होता. "उजवीकडे वळा. आणखी. आता पालथ्या. आता पूर्ण गोल. ढेकर देऊ नका. आजी, ढेकर देऊ नका म्हटलं ना."

सासूबाई उतरल्या तेव्हा त्यांच्या ओठांवर पांढरी मिशी होती. "बांगडा भाजतात तसं उलटंपालटं करून भाजलं मला," एवढंच म्हणाल्या आणि मिशी न पुसताच घराकडे चालू लागल्या.

मग पत्राने कळवण्यात आलं की पोटाच्या वरच्या भागात एक सावली दिसते आहे, तरी इस्पितळात दुर्बिणीने बघून घ्यावं.

गाठ म्हटलं असतं तर मी घाबरले असते. सूज म्हटलं असतं तर पुस्तक काढून वाचलं असतं. सावली म्हटल्यावर काय करावं ते कळेना. मी सेंदाईला तेत्सुयाला फोन केला. माझ्या नवऱ्याची तिथे बदली झाली आहे, त्यामुळे आमचा संसार फोनवर आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत चालतो.

"आईला काही सांगू नकोस," तो म्हणाला.

"अरे, त्यांच्याच नावाने आलंय. त्यांनीच उघडून वाचलं."

"मग तुला माहीत आहे हे तिला सांगू नकोस."

या घराची ही रीत आहे. वाईट बातमीवर सगळे मिळून एक चादर पांघरतात आणि मग चादरीखाली काय आहे हे ठाऊक नसल्यासारखे तिच्याभोवती बसून चहा पितात.

चादर उचलली शेजारच्या सुगावाराकाकूंनी. त्या टोपलीभर काकड्या घेऊन आल्या होत्या. आमच्याकडे आधीच दोन टोपल्या होत्या, त्यातली एक त्यांचीच. "सावली म्हणतात का," त्या पायरीवर टेकत सासूबाईंना म्हणाल्या. "एइसाकुसाननाही पहिल्यांदा सावलीच म्हणाले होते, नाही का तामिए?"

एइसाकु म्हणजे माझे सासरे. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे. माझ्या लग्नाच्या पुष्कळ आधी ते पोटाच्या कॅन्सरने गेले. सासूबाई काकड्या मोजल्यासारखं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाईन मी. पण ओबोन होऊन जाऊ दे. हे घरी येतील. ह्यांच्या देखत नको."

ओबोन, म्हणजे आमचा पितर घरी येण्याचा सण, झाल्याबरोबरची सकाळ मिळाली. पितरांना निरोप द्यायचा, विस्तव विझवायचा आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी इस्पितळ गाठायचं. मला हे फार सुटसुटीत वाटलं.

"सुटसुटीत कसलं," सुगावाराकाकू म्हणाल्या. "निरोप दिला म्हणजे सगळे जातात थोडेच. माझा भाऊ सप्टेंबरपर्यंत राहिला होता. न्हाणीघरात."

"काय करत होता?"

"काय करणार. जिवंत असताना तरी काय करत होता."

मी हसले. पण त्या आठवड्यात घर काही वेगळंच वागत होतं. समुद्रावरून धुकं यायचं ते दुपारपर्यंत अंगणातच बसून राहायचं. सासऱ्यांचा फोटो ठेवलेल्या देव्हाऱ्यापुढची घंटा पहाटे एकदाच, फार हळू वाजायची आणि मी उठून येईपर्यंत तिथे कुणी नसायचं. साना देव्हाऱ्याकडे बघून हात हलवायची. लहान मुलं पंख्यालाही हात हलवतात, हे मला माहीत आहे. फक्त ती पंख्याला हात हलवून मग उत्तराची वाट बघत नाही.

आणि भात. रोज सकाळी शिजलेल्या भाताची पहिली मूद छोट्या पितळी वाटीत भरून सासऱ्यांपुढे जाते. तिच्यातून जरा वेळ वाफ निघते, उदबत्ती जळते, आणि मग मी सानाचे कपडे बदलून येईपर्यंत वाटी रिकामी झालेली असते. नुसती रिकामी नव्हे, लखलखीत. लग्न होऊन आल्यापासून मी हे बघत होते आणि कधी विचारलं नव्हतं. सून नवी असताना जे विचारायचं राहतं ते कायमचंच राहतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी लवकर जेवण उरकलं आणि त्यानंतर स्वयंपाकघरात कुणाला फिरकू दिलं नाही. मुळ्यांच्या बरणीवर चिकटपट्टी लावली. सकाळी सासूबाई चांगला किमोनो घालून, पाठ ताठ करून बसल्या होत्या. बेल्ट लावलेलं पार्सल दिसावं तशा.

"काही खाल्लं नाहीत ना?"

"नाही."

"पाण्याशिवाय काही?"

"कासुमी, मी काय तुझी मुलगी आहे?"

इस्पितळ अजून सुट्टीतून जागं झालं नव्हतं. लांबलचक बोळ, अर्धे दिवे बंद, आणि आमच्या सपातांचा आवाज आमच्या मागून कुणी येत असल्यासारखा. नर्सनेही तोच प्रश्न विचारला आणि तिलाही तेच उत्तर मिळालं. मग नाकात औषध मारलं, कारण हल्ली दुर्बीण नाकातून घालतात. शेवयांच्या जाडीची असते. त्यात पेशंटला बोलता येतं, समोरच्या पडद्यावर आपलं पोट बघता येतं. नारुसे नावाचे डॉक्टर होते, कोवळे, शर्टाची कॉलर इस्त्रीची. "आजी, मधे बोललात तरी चालेल," ते प्रेमाने म्हणाले. ह्या वाक्याबद्दल त्यांना पुढे वाईट वाटलं असणार.

मी सानाला घेऊन भिंतीशी उभी होते. खोलीत अंधार केला. पडद्यावर एक ओली गुलाबी गुहा उघडली आणि ती श्वास घेत होती. माणसाच्या आत इतकं शांत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ज्यांच्याशी रोज भांड्यांच्या जागेवरून वाद घालते त्या बाईंच्या आत मी उभी होते आणि तिथे बोलण्याची सोय नव्हती.

डॉक्टरांनी दुर्बिणीला जोडलेल्या यंत्राचीही ओळख करून दिली. हजारो पोटांची चित्रं बघून बघून ते शिकलंय, संशयास्पद काही दिसलं की पडद्यावर चौकट काढतं आणि टुण्ण करतं. "माणसाचा डोळा दमतो," डॉक्टर म्हणाले. "ह्याचा दमत नाही."

दुर्बीण वळली. गुहेच्या तळाशी काहीतरी पांढरं चमकलं. बारीक, दाणेदार, ढिगाने.

"हा," डॉक्टर पडद्याकडे वाकले, "भात आहे का?"

त्यांनी दुर्बीण आणखी जवळ नेली.

"आजी, हा भात आहे."

"असेल," नाकात नळी असलेल्या सासूबाई म्हणाल्या. "पण तो माझा नव्हे. ह्यांचा आहे."

नर्सचा हात हवेतच राहिला. डॉक्टरांनी हळूच मागे बघितलं, कोण ते. मागे मी होते आणि माझ्या कडेवरून साना कोपऱ्याकडे हात हलवत होती.

"ह्यांचा म्हणजे?"

"ह्यांचाच. आमच्या ह्यांचा."

आणि त्याच क्षणी यंत्र वाजलं. टुण्ण. भाताच्या ढिगावर पिवळी चौकट उमटली. डॉक्टरांनी पाणी सोडलं, दाणे सरकले, पुन्हा घरंगळून तिथेच आले. टुण्ण. खाली काहीतरी होतं, आणि त्याच्यावर माझे सासरे भात धरून बसले होते.

खुलासा झाला तो नळी बाहेर आल्यावर. देव्हाऱ्यापुढचा भात उतरवला की तो टाकायचा नसतो, कुणीतरी खायचा असतो. ते जेवण नव्हे. ते ज्यांचं आहे त्यांचं आहे, आपण फक्त आपलं तोंड उसनं देतो. "तुम्ही विचारलंत, मी काही खाल्लं का. मी नाही खाल्लं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यात तिळाइतकं खोटं नव्हतं. त्यांना चकवायचं नव्हतंच. ह्या प्रांतातल्या कुठल्याही म्हातारीने हेच उत्तर दिलं असतं. डॉक्टर नारुसेंनी डोळे मिटले. "माझी आजीसुद्धा," ते पुटपुटले. मग म्हणाले की पुन्हा यावं लागेल, लवकर.

बोळात मी त्यांना गाठलं. चौकटीखाली काय होतं?

"बघितल्याशिवाय सांगता येणार नाही," ते म्हणाले. पण माझ्याशी बोलताना त्यांनी आवाज उतरवला होता, आणि आवाज उतरवला की आमच्याकडे निम्मं सांगून होतं.

गाडीत बसल्यावर मी हसरा चेहरा केला. "काही नसेल हो, आई. भातामुळे फसलं असेल यंत्र."

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बराच वेळ भातशेतं मागे पडत राहिली.

"ह्याच इस्पितळात मला बाजूच्या खोलीत बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "ह्यांना बाहेर बसवलं. कॅन्सर आहे म्हणाले, पुष्कळ पसरलाय. सांगायचं का ते तुम्ही ठरवा. मी बाहेर आले आणि ह्यांना म्हटलं, साधा अल्सर आहे. हे म्हणाले, बरं. शेवटपर्यंत बरंच म्हणाले. पाणीसुद्धा पोटात ठरेना तरी मी अल्सरच म्हणत होते."

मी गाडीचा वेग कमी केला.

"आत्ता तू जशी हसलीस ना, तशीच मी हसले होते. अगदी तशीच. दात किती दिसावेत तेही ठरलेलं असतं." त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणून सांगते. आता कुणीही मला काही नाही म्हणालं तरी मी मानणार नाही. थोडंसं आहे म्हणालं तर समजेन की पुष्कळ आहे. आणि पुष्कळ आहे असं मला कुणी म्हणणारच नाही. मग उपचार तरी कसले करून घ्यायचे? कशाचे?"

म्हणजे पोटात बघण्याचा माझा साधा बेत आता इथवर आला होता की जे दिसेल ते त्या मानणार नव्हत्या, आणि न मानता नुसत्या घरी बसून राहणार होत्या. सासऱ्यांसारख्या.

पुढची तारीख मागायला फोन केला. सगळं भरलेलं. मग पलीकडच्या बाईने आवाज खाली केला. "एक दिवस मोकळा आहे. पूर्ण मोकळा. पण कॅलेंडर बघितलंत का?"

बघितलं. त्या दिवसाखाली बारीक अक्षरात बुत्सुमेत्सु लिहिलेलं होतं. म्हणजे बुद्ध गेला तो दिवस, सगळ्यात अशुभ. त्या दिवशी कुणी लग्न करत नाही, गाडी घेत नाही, इस्पितळातून घरीही जात नाही. आमच्या जपानने दुर्बिणीला पोटात बघायला शिकवलं, पण त्या दिवशी दुर्बिणीपुढे कुणी बसत नाही. मी तारीख घेतली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक टॉवेल वाळत घातला.

"टॉवेल काढ," सासूबाई जेवताना म्हणाल्या. "बुत्सुमेत्सु कधी आहे हे मला सकाळी उठल्यावर हाडांवरून कळतं."

"मग नको म्हणताय?"

"कशाला? रांग नसेल."

सुगावाराकाकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी मिठाची पुडी आणून दिली, उंबऱ्यावर टाकायला, आणि काकड्या.

प्रश्न भाताचा उरला. मी म्हटलं, त्या दिवशी दाखवूच नका. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं माहेर आठवलं. "शेवटचे महिने हे उपाशीच होते. आता मेल्यावर पण उपाशी ठेवू?" मग एकच वाट उरली. भात दाखवायचा, आणि त्यांच्याऐवजी उतरवून मी खायचा.

त्या पहाटे धुकं खिडकीला नाक लावून उभं होतं. सासूबाईंना मी पुढच्या खोलीत बसवलं होतं, नजरेसमोर, आणि साना त्यांच्या मांडीवर झोपली होती. वाफ थांबली, उदबत्ती संपली. मी देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकले. फोटोतले सासरे माझ्याकडे बघत होते. फोटोतली माणसं सगळ्यांकडेच बघतात.

वाटी उचलली आणि बघते तर मुदीला एका बाजूने खळगा होता. बोटभर. मीच भात भरला होता, गोल, चमच्याने थोपटून.

मी मागे वळून पाहिलं. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. साना झोपलेली. मी उरलेला भात खाल्ला. गार होता, अळणी होता, त्याला उदबत्तीचा वास होता आणि गिळताना माझ्या मानेवर कुणीतरी फुंकर घातल्यासारखं वाटत होतं. पण एक सांगते, शेवटच्या घासाला मला भूक लागली. माझी नव्हे, दुसऱ्या कुणाचीतरी, फार जुनी. मी वाटी चाटून पुसून ठेवली.

"संपवलंस?" बाहेरून सासूबाई.

"हो."

"भुकेले असतात."

इस्पितळात खरंच रांग नव्हती. आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. डॉक्टर नारुसे म्हणाले, "आज पोटात कुणी नाही ना, आजी?" आणि मग स्वतःच्याच विनोदाला घाबरल्यासारखे गप्प झाले.

पोट स्वच्छ होतं. दाण्याचा दाणा नव्हता. म्हणजे मुदीतला तो घास सासूबाईंनी खाल्लेला नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलं आणि त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं.

टुण्ण.

चौकट तिथेच उमटली. डॉक्टर जवळ गेले. गुलाबी ओली भिंत, बाकी भिंतीसारखीच. "मला काही दिसत नाही," ते म्हणाले. मागे आले. टुण्ण. बाजूने पाहिलं. टुण्ण. रिकाम्या घरात कुणीतरी त्याच एका दारावर टकटक करत राहावं तसं. नर्सने निळं औषध दिलं, डॉक्टरांनी ते आत फवारलं. निळा रंग घड्यांतून वाहत गेला, आणि एका जागी अडला. तिथे हळूहळू किनार दिसू लागली. वाळल्यावर कागदावर उमटणाऱ्या पाण्याच्या डागासारखी.

डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. बाजूच्या खोलीत बोलावण्याआधीची ती नजर असते. आणि माझं तोंड, मी सांगितलेलं नसताना, हसू लागलं. दात किती दिसावेत ते ठरलेलंच होतं.

"तिच्याकडे बघू नका," सासूबाई म्हणाल्या. नाकात नळी, डोळे पडद्यावर. "पोट माझं आहे. यंत्राला जे सांगायला भीती वाटत नाही ते तुम्हाला सांगायला काय झालं?"

मी हसणं थांबवलं. सोपं नव्हतं, गाल दुखले. "सांगा त्यांना, डॉक्टर," मी म्हटलं. "माझ्याआधी त्यांना सांगा."

डॉक्टर नारुसेंनी घसा साफ केला. "मला वाटतं हा कॅन्सर आहे. तुकडा तपासायला पाठवतो, मग नक्की कळेल. अगदी वरच्या थरात दिसतोय. असाच निघाला तर पोट न कापता, ह्याच वाटेने काढता येईल. आत पसरलेला असला तर मात्र तसं करता येणार नाही. तेही मी तुम्हालाच सांगेन."

सासूबाई त्या निळ्या किनारीकडे बघत राहिल्या.

"खरं वाटतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "खोटं असतं तर तुम्ही इतकं अडखळला नसतात."

वरच्या थरातलाच निघाला. दुर्बिणीतूनच कापून काढला, आणि पानं रंगायला लागली तेव्हा सासूबाई पेज खात घरी होत्या आणि पेजेला चव नाही म्हणून मला बोलत होत्या. मुळ्यांच्या बरणीची चिकटपट्टी मी अजून काढलेली नाही. त्यावरून आमचं बोलणं दोन वेळा बंद झालं. तेत्सुया फोनवर म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही इतकं सगळं," आणि मी म्हटलं, "तू त्यांना अल्सरच सांगितला असतास."

घरी आल्यावर पहिल्या चांगल्या दिवशी त्या देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. घंटा वाजवली नाही, उदबत्तीही लावली नाही. हात जोडून बराच वेळ नुसत्या बसल्या. मी पेज घेऊन दारात उभी होते आणि साना माझ्या पायाला धरून.

"तुम्हाला अल्सर नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "कॅन्सर होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

घर एकदम गप्प झालं. पंखा बंद पडावा तसं. सानाने मान वर करून देव्हाऱ्याकडे पाहिलं.

मला ते सहन होईना. "आई," मी म्हटलं, "पेज थंड होतेय. आधी खाऊन घ्या, मग बसा पाहिजे तेवढं."

त्यांनी थोड्या वेळाने डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि माझ्या हातातला वाडगा घेतला.

"म्हणतायत, ठाऊक होतं."

मी देव्हाऱ्याकडे बघितलं. "कधी म्हणाले?"

"आत्ता," सासूबाई पेजेवर फुंकर घालत म्हणाल्या. "तू मधेच बोललीस, म्हणून तुला ऐकू आलं नाही."